विचारी झालेला कॉम्प्युटर

शनिवारी दुपारी चार वाजता बू वुर्यान यांच्या कॉम्प्युटरला नवी मेमरी बसली आणि रविवारी सकाळी तो आधीपेक्षाही हळू चालू लागला. हे वाक्य वाचायला सोपं आहे. बू वुर्यान यांना ते गळ्याखाली उतरवायला पाच दिवस लागले.

आधी तो हळू होता, यात वाद नाही. वय वर्षं चौदा. बटण दाबावं, तांदूळ धुऊन शिजत टाकावेत, अंगण झाडावं, कुंपणावरून शेजारणीच्या सुनेची चौकशी करावी आणि परत यावं, तेव्हा कुठे पडद्यावरच्या चित्रातला डोंगर अर्धा उगवलेला असायचा. पण त्या हळूपणात एक सचोटी होती. म्हातारा माणूस जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतो, तसा तो थांबायचा, आपणही थांबायचं. आता अंगात नवं रक्त भरल्यावर त्याने पहिल्याच पायरीवर बसकण मारावी, हे बू वुर्यान यांच्या कल्पनेत बसेना. त्या खुर्चीत बसल्या बसल्या पडद्याकडे बघत राहिल्या. डोंगर नव्हता. डोंगराच्या जागी एक काळी पट्टी होती, आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

सोलो शहरात नदीच्या अंगाने उतरत गेलेली एक गल्ली आहे, तिच्या बू वुर्यान सचिव. इथे गल्ली म्हणजे नुसती गल्ली नव्हे. तिला नंबर असतो, प्रमुख असतो, शिक्का असतो. प्रमुखांना सगळे पाक आरटी म्हणतात, म्हणजे गल्लीचे बाबा, आणि त्यांच्या पत्नीला बू आरटी, म्हणजे गल्लीची आई. त्यांची खरी नावं फक्त लग्नपत्रिकेवर छापण्यापुरती. दोन वर्षांपूर्वी सचिवाची जागा रिकामी झाली, तेव्हा बैठकीतल्या सगळ्या पुरुषांना एकदम आपापल्या चपला कुठे काढल्या ते आठवेना. शेवटी शिवणकाम करणाऱ्या बावन्न वर्षांच्या बू वुर्यान म्हणाल्या की मी करते, कॉम्प्युटरही शिकते. त्यावर रिटायर्ड स्टेशनमास्तर पाक दार्सोनो हसले. मोठ्याने नाही. इथे तोंडावर कुणी मोठ्याने हसत नाही. नाकातून हसले. त्या नाकातल्या हसण्याच्या जोरावर बू वुर्यान तीन महिन्यांत एकट्या कॉम्प्युटर शिकल्या, आणि तेव्हापासून गल्लीत कुणाकडे बारसं असो की मयत, कागद त्यांच्याच घरून छापून जातो.

आता प्रश्न गटाराचा होता. दर पावसाळ्यात गल्लीतलं उघडं गटार भरून लोकांच्या स्वयंपाकघरात येतं. गेल्या वर्षी बू वुर्यान यांची वहाण तरंगत तरंगत पाक दार्सोनोंच्या पलंगाखाली सापडली होती, आणि ती परत आणायला जाणं दोघांनाही अवघड झालं होतं. वॉर्ड ऑफिसने यंदा बंद गटार द्यायचं ठरवलं, पण ज्या गल्लीची रहिवाशांची यादी गुरुवारी दुपारी बारापर्यंत कॉम्प्युटरवरून पूर्ण पोचेल, तिलाच. शेजारची पाच नंबरची गल्ली टपून होती. बू वुर्यान यांच्या गल्लीत चौऱ्याण्णव कुटुंबं. प्रत्येकाचं कुटुंबपत्रक मशीनमध्ये घालायचं. ही पत्रकं घेऊन बाहेरच्या दुकानात बसणं शक्य नव्हतं, कारण त्यांत सगळ्यांची खरी वयं होती, आणि बू वुर्यान यांनी घरोघर शब्द दिला होता की कागद माझ्या घराबाहेर जाणार नाहीत. पाक दार्सोनोंकडे लॅपटॉप होता. ते तो द्यायला तयारही होते. फक्त लॅपटॉपबरोबर सचिवपदही गेलं असतं, हे दोघांना ठाऊक होतं.

म्हणून मेमरी. बाजाराजवळ पंखे, रेडिओ आणि अलीकडे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे मास गुनार्तो हातात एक हिरवी पट्टी घेऊन शनिवारी आले. चाळिशीचा माणूस, म्हणून 'मास', म्हणजे दादा; बोलणं इतकं हळू की त्यांनी स्वतः मेमरी बसवून घ्यावी असं वाटे. अर्धी गल्ली ओट्यावर जमली. त्यांनी पट्टी खटकन बसवली, बटण दाबलं आणि डोंगर एका दमात उगवला. टाळ्या पडल्या. पाक आरटींनी छोटं भाषण केलं, त्यात 'प्रगती' हा शब्द चार वेळा आला. मशिदीचा पंखा बंद पडल्याचा निरोप आला म्हणून मास गुनार्तो लगेच निघून गेले. संध्याकाळी बू वुर्यान यांनी शेजाऱ्यांना पिवळ्या भाताचा शंकू करून जेवू घातलं. नवी वस्तू घरात आली की करतात ते. मग ती वस्तू बोटभर का असेना.

त्याच जेवणात बू आरटींनी आपली भेट उघडली.

बू आरटी विणकाम करतात. आठवडाभर त्यांनी कॉम्प्युटरसाठी झाकण विणलं होतं. केशरी रंगाचं, कडेला पांढरी झालर, आतून गादीसारखं मऊ अस्तर, पुढे बटणापुरतं एक गोल भोक आणि मागे बांधायला दोन नाड्या. मापही कधी घेतलं होतं कोण जाणे, पण मशीनचा डबा त्यात असा बसला की जणू तो जन्मतःच केशरी होता. बू आरटींनी स्वतः मागे वाकून नाड्यांचं फूल बांधलं. सगळ्यांनी वा वा केलं. बू वुर्यान यांचे डोळे भरून आले, आणि ते खरंच भरून आले होते, कारण त्या वस्तूसाठी आजवर कुणी काही विणलं नव्हतं.

रविवारी काळी पट्टी.

पहिला धक्का ओसरल्यावर बू वुर्यान यांना दुसरा धक्का बसला. हे सांगायचं कुणाला? मास गुनार्तोंना 'तुमच्या हातून मशीन बिघडलं' असं सांगणं म्हणजे ज्याने आपल्याकडून मजुरी घ्यायला तीनदा नकार दिला त्याच्या तोंडावर दार आपटणं. ते काही आपल्या लोकांना जमत नाही. जमलं असतं तर ही गोष्ट रविवारीच संपली असती. त्यांनी सोमवारी सकाळी मास गुनार्तोंना फोन केला, त्यांच्या आईच्या गुडघ्यांची विचारपूस केली, मशिदीच्या पंख्याची केली, आणि मग म्हणाल्या, "मशीन फार छान चाललंय, मास. फक्त जरा विचारी झालंय."

येऊन बघतो, मास गुनार्तो म्हणाले. विचारी म्हणजे काय, ते त्यांना बरोबर कळलं होतं.

ते दुपारी आले. ते येणार म्हणून बू वुर्यान यांनी मशीन आधीच बंद केलं, आणि बू आरटींच्या कामाला दुरुस्तीचा काळा हात लागू नये म्हणून झाकण काढून, चौघडी घालून कपाटात ठेवलं. मास गुनार्तोंची शिस्त ठरलेली: आधी चहा, मग मशीन. चहा झाला, तळलेली केळी झाली, दोनदा नको आणि तिसऱ्यांदा हो झालं. अर्ध्या तासाने त्यांनी बटण दाबलं. डोंगर एका दमात उगवला. चार कुटुंबं भराभर आत गेली. मास गुनार्तो अवघडून म्हणाले की मला तर काही दिसत नाही, बू. बू वुर्यान म्हणाल्या, मलाही नाही. दोघंही एकमेकांसाठी शरमले. ते गेल्यावर बू वुर्यान यांनी झाकण घातलं, फूल बांधलं, कामाला बसल्या, आणि वीस मिनिटांत मशीन पुन्हा विचारात पडलं. एका कुटुंबाचं पत्रक आत जायला इतका वेळ लागला की तेवढ्यात त्या कुटुंबात आणखी एखादं मूल जन्मलं असतं.

"बुने," ओट्यावरून त्यांचे यजमान पाक कास्दी म्हणाले, "ते मशीन गुनार्तोवर भाळलंय. तो आला की खुलतं, गेला की झुरतं."

घरात ते एकमेकांना बुने आणि पाकने म्हणतात. आई आणि बाबा म्हणावं तसं. पाक कास्दी बस चालवून रिटायर झाले आहेत आणि आता फक्त होला पाळतात. एकच होला, पण त्याचं नाव राडेन बागुस, आणि घरात त्याची बडदास्त एखाद्या राजपुत्राची. संध्याकाळी पिंजऱ्यावर काळं कापड पडतं की राडेन निजतात. सकाळी कापड निघतं, पिंजरा झेंड्यासारखा उंच काठीवर चढतो, आणि राडेन घुमतात. त्या घुमण्यावर पाक कास्दींचा सगळा दिवस चालतो. बायकोच्या गटाराबद्दल त्यांना आस्था नव्हती असं नाही. पण गटार घुमत नाही.

बू वुर्यान आपल्याच हातांकडे बघत होत्या. त्यांना एक भयंकर शंका आली होती. तीन महिने एकटीने शिकलेलं सगळं चुकीचं तर नव्हतं? गुनार्तोंच्या हाताखाली चालतं आणि माझ्या हाताखाली नाही, याचा अर्थ काय?

मंगळवारी त्या वॉर्ड ऑफिसला गेल्या. म्हटलं, कागदावर लिहून दिलं तर चालेल का ते विचारावं. काउंटर छातीइतका उंच, पलीकडे पुर्वांती नावाची तरुण कारकून. तिने नम्रपणे ऐकून घेतलं आणि नम्रपणे सांगितलं की हाताने लिहिलेली यादी चालते, जरूर चालते. त्यासाठी गल्लीचा कॉम्प्युटर बिघडल्याचं पत्र हवं. पत्रावर सचिवाची सही, प्रमुखाची सही, शिक्का. आणि पत्र कॉम्प्युटरवर छापलेलं हवं.

बू वुर्यान यांनी दोन वेळा डोळे मिटून उघडले. पुर्वांती तशीच हसतमुख होती. पत्राचा नमुना काढून देते म्हणाली आणि आपल्या मशीनकडे वळली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत राहिलं. मग तिने वर बघून हळूच सांगितलं, "माफ करा, बू. आमचं मशीन कालपासून जरा विचारी झालंय."

हा शब्द तिच्या तोंडून ऐकून बू वुर्यान दचकल्या. साथ आली असेल का? डेंग्यू पसरतो तसं काही? काउंटरपलीकडे डोकावून बघावं असं त्यांच्या मनात आलं, पण बायकांनी सरकारी काउंटरवरून डोकावणं बरं दिसत नाही. त्या घरी आल्या.

पत्राची गोष्ट पाक आरटींकडे काढली तर ते दुखावले. शनिवारी ज्या मशीनवर मी भाषण केलं, ते बिघडलंय अशी सही मी कशी करू? प्रगतीचं काय? बू आरटी आतून चहा घेऊन आल्या आणि त्यांनी एकच विचारलं: झाकण व्यवस्थित बसतंय ना, सैल तर झालं नाही? बू वुर्यान म्हणाल्या, छान घट्ट बसतंय. बू आरटी म्हणाल्या की मग बरं, धूळ जाते ना, धुळीनेच मशीनं मरतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. याहून शहाणपणाचं बोलणं त्या आठवड्यात कुणी केलं नव्हतं.

बुधवारी पाक दार्सोनो स्वतःहून आले. हातात वही होती, आणि चेहरा वधूपक्षाकडून आल्यासारखा. त्यांचं म्हणणं असं की बिघाड यंत्राचा नसून जोडीचा आहे. जुनी पट्टी आणि नवी पट्टी यांचं लग्न लावलं, पण वार पाहिले का? त्यांनी ओट्यावर बसून हिशेब मांडला. नवी पट्टी शनिवारी बसली, त्या दिवशी पाच दिवसांच्या बाजारी आठवड्यातला वार पाहिंग; प्रत्येक वाराला त्याचा आकडा. नऊ अधिक नऊ, अठरा. जुनी कधीची? पाक कास्दींना नक्की आठवत होतं, कारण त्याच दिवशी राडेन बागुसच्या आधीचा होला वारला: मंगळवार, बाजाराचा वार वागे. तीन अधिक चार, सात. अठरा आणि सात पंचवीस. पंचवीसला आठाने भागून बाकी एक.

"बाकी एक," पाक दार्सोनो वही मिटत म्हणाले, "म्हणजे काडीमोड."

बू वुर्यान यांना आपल्या लग्नाच्या वेळची बाकी आठवली आणि त्यांनी पाक कास्दींकडे बघितलं. उपाय होता. जोडप्याच्या झोपायच्या जागा बदलायच्या. मास गुनार्तोंना पुन्हा बोलावलं गेलं. मशीन बंद, झाकण कपाटात, चहा, केळी, दोन नको, एक हो. मग त्यांनी नव्या पट्टीच्या जागी जुनी आणि जुनीच्या जागी नवी घातली, बटण दाबलं, आणि डोंगर असा उगवला की पाक दार्सोनो उभे राहिले. तासभरात एकोणीस कुटुंबं आत गेली. पाक दार्सोनो नाकातून नव्हे, सगळ्या तोंडाने हसले. जाताना म्हणाले की यंत्रालाही आपले आकडे लागतात, हे या पिढीला कोण सांगणार. बू वुर्यान मनापासून वाकल्या. हरल्याचं दुःख होतं, पण गटार मिळणार होतं.

पाहुणे गेले. बू वुर्यान यांनी कपाट उघडलं, झाकण घातलं, फूल बांधलं.

वीस मिनिटांनी काडीमोड झाला.

गुरुवार उजाडला तेव्हा अठ्ठावन्न कुटुंबं आत होती, छत्तीस बाहेर. बू वुर्यान पहाटेच्या नमाजानंतर थेट खुर्चीत बसल्या होत्या. एकोणसाठावं कुटुंब अर्धं आत गेलं आणि मशीन एक उसासा टाकून बंद पडलं. पडदा काळा झाला. त्यात त्यांना त्यांचाच चेहरा दिसला, आणि तो चेहरा वहाण शोधायला आलेल्या एखाद्या बाईचा होता. आता पाक दार्सोनोंच्या दारात जायचं, लॅपटॉप मागायचा, आणि उद्या बैठकीत फाइल दोन्ही हातांनी पुढे करायची. गल्लीत पुन्हा कुणी त्यांना 'बू सचिव' म्हणणार नव्हतं. ब्लाउज शिवणारी बू वुर्यान, एवढंच.

ओट्यावर पाक कास्दी रोजच्यासारखे पिंजऱ्यापाशी आले. त्यांनी राडेनांना सुप्रभात म्हटलं, काळं कापड उचललं, झटकलं. राडेन बागुस यांनी मान झटकली, छाती फुगवली आणि घुमायला सुरुवात केली.

बू वुर्यान यांनी होल्याकडे बघितलं. पाक कास्दींच्या हातातल्या कापडाकडे बघितलं. मग मान वळवून त्या केशरी डब्याकडे, त्याच्या झालरीकडे, मागच्या नाड्यांच्या फुलाकडे बघितलं.

त्यांनी हात पुढे केला आणि अस्तराला लावला. नुकत्याच उतरवलेल्या भाताच्या भांड्याला लावावा तसा तो चटकन मागे आला.

"पाकने," त्या म्हणाल्या.

फूल सोडलं. झाकण काढलं. आतून गरम हवेचा असा लोट आला की पाक कास्दींचा चष्मा धुरकटला. मागच्या पंख्याच्या जाळीला पाच दिवस अस्तर चिकटून होतं. बिचारा तोंडावर उशी घेऊन पळत होता. बू वुर्यान यांनी शिवणाच्या टेबलावरचा पंखा मशीनवर रोखला, दहा मिनिटं त्याला निवू दिलं आणि बटण दाबलं. डोंगर उगवला. एकोणसाठ, साठ, एकसष्ट. कुटुंबं अशी सुटली जशी शाळा सुटते.

साडेनऊला फाटकाशी आवाज आला. तो आवाज बू वुर्यान झोपेतही ओळखतील. "कुलोनुवून," म्हणजे आत येऊ का. आणि म्हणेपर्यंत बू आरटी आत आल्याही होत्या.

पुढच्या तीन सेकंदांत बू वुर्यान यांनी काय केलं याचा त्यांना नंतर कित्येक दिवस विस्मय वाटत राहिला. शहाण्या, बावन्न वर्षांच्या, कारण सापडलेल्या त्या बाईने झाकण उचललं आणि परत घातलं. फूलही बांधलं. हात आपोआप चालले. बू आरटी समोर बसल्या, मशीनकडे मायेने बघितलं, आणि शुभेच्छा द्यायला आले म्हणाल्या. शुभेच्छा तळलेल्या तेंपेबरोबर, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांबरोबर, पंचवीस मिनिटं चालल्या. बहात्तरावं कुटुंब आत जाता जाता थबकलं. बू वुर्यान हसत होत्या, चहा ओतत होत्या आणि त्यांच्या पाठीतून घामाची एक धार सरळ खाली उतरत होती. पाक कास्दी दारात उभे राहून हातातल्या काळ्या कापडाची घडी घालत होते, मोडत होते, घालत होते. त्यांच्याकडून चकार शब्द निघाला नाही. आपल्या लोकांत नवरेही असेच असतात.

शेवटी बू आरटी उठल्या, पण घरी जायला नव्हे. पावतीवर गल्लीचा शिक्का लागेल, शिक्का माझ्या पर्समध्ये आहे, मी तयार होऊन येते, आपण बरोबर जाऊ, असं सांगून त्या गेल्या. फाटक लागताच झाकण उडालं. सव्वाअकराला चौऱ्याण्णवावं कुटुंब आत गेलं. पडद्यावर अक्षरं आली: यादी पोचली, वॉर्ड ऑफिसच्या स्वीकृतीची प्रतीक्षा. म्हणजे तिकडे पुर्वांतीने एक बटण दाबायचं होतं. बारापर्यंत.

रिक्षाने दोघी पोचल्या तेव्हा बाराला वीस मिनिटं होती. पुर्वांती काउंटरमागे काळजीने उभी होती. यादी आली आहे असं दिसतंय, म्हणाली, पण उघडत नाहीये. तिने माऊस हलवला. काही हललं नाही. मागे दोन कारकून आणि एक साहेब हाताची घडी घालून उभे होते, आणि सगळे एका दिशेला बघायचं कटाक्षाने टाळत होते.

या वेळी बू वुर्यान यांनी काउंटरवरून डोकावलं. बायकांनी डोकावणं बरं दिसत नाही, हे त्यांना माहीत होतं.

पलीकडे टेबलाशेजारी मशीनचा डबा होता. पोपटी रंगाचा. कडेला पांढरी झालर. मागे नाड्यांचं फूल.

बू वुर्यान यांनी काउंटरची कड धरली. "सोमवारी दिलं मी यांना," शेजारून बू आरटी हळू आवाजात, अभिमानाने सांगत होत्या. "म्हटलं, गटाराचं काम यांच्याकडे आहे, तर आपल्या गल्लीकडून काहीतरी आठवण."

घड्याळात पावणेबारा. साहेब छताकडे बघत होते. पुर्वांती आपल्या नखांकडे. त्या खोलीत सहा माणसं होती आणि त्यांतल्या निदान चौघांना बिघाड कुठे आहे ते ठाऊक होतं, हे बू वुर्यान यांना एका क्षणात दिसलं. कुणीही बोलणार नव्हतं. बारा वाजेपर्यंत नाही आणि बारानंतर तर नाहीच. गटार पाच नंबरच्या गल्लीला गेलं असतं, अतिशय अदबीने.

"बू आरटी," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "आमच्याकडे होल्याच्या पिंजऱ्यावर कापड असतं. चांगलं असतं. त्यात त्याला छान झोप लागते."

"हो ना."

"पण उजाडलं की ते काढावं लागतं. नाहीतर तो गात नाही."

बू आरटींनी त्यांच्याकडे बघितलं. मग पोपटी झालरीकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे, आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा रिकामा होत गेला की बू वुर्यान यांना वाटलं, गटार गेलं असतं तरी चाललं असतं.

"केशरीसुद्धा?" बू आरटींनी विचारलं.

"केशरीसुद्धा."

"शनिवारपासून?"

बू वुर्यान यांनी मान हलवली.

बू आरटींनी पर्स काउंटरवर ठेवली, बाजूची झडप उचलली आणि सरळ आत गेल्या. खाली वाकून स्वतःच्या हाताने फूल सोडलं, झोपलेल्या मुलाचं पांघरूण काढावं तसं झाकण वर उचललं आणि त्याची चौघडी घातली. मग सरळ उभ्या राहून साहेबांकडे, दोन्ही कारकुनांकडे आणि पुर्वांतीकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मशीनला वारा लागतो, एवढंसुद्धा तुम्हाला सरकारने शिकवलं नाही?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि चूक झाली म्हणाले.

बाराला चार मिनिटं असताना पुर्वांतीने बटण दाबलं. शिक्का बसला.

परतीच्या रिक्षेत बराच वेळ दोघी रस्त्याकडे बघत होत्या. मांडीवर पोपटी घडी होती. तुम्ही सांगितलं का नाहीत, असं बू आरटींनी विचारलं नाही. त्यांच्या जागी त्यांनीही सांगितलं नसतं. पुलाजवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "दोन्ही मुलं बाताम बेटावर गेली कामाला. हात गप्प बसत नाहीत हो. गॅसची टाकी झाली, पाण्याचा जार झाला, फोन झाला. आमच्या घरात झाकायला आता काही उरलंच नाही."

बू वुर्यान यांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

दोन महिन्यांनी गटाराचं काम आलं. गल्लीभर सिमेंटची झाकणं एकापुढे एक बसली, आणि बू आरटी रोज सकाळी त्यांच्याकडे अतिशय समाधानाने बघत उभ्या राहू लागल्या. झाकायलाच हवी अशी एक तरी वस्तू गल्लीत निघाली होती. पाक दार्सोनो अजून सगळ्यांना सांगतात की पट्ट्यांच्या जागा बदलल्यामुळे गटार मिळालं, आणि बू सचिव त्यांना दुजोरा देतात. मास गुनार्तोंना खरं कारण कुणी सांगितलेलं नाही. ते दर महिन्याला येऊन चहा घेतात आणि मशीनकडे अपराधी नजरेने बघतात.

केशरी झाकण वाया गेलं नाही. बू आरटींनीच ते उसवून, वर गोल मुठीपुरती जागा ठेवून, पुन्हा विणलं. आता संध्याकाळी राडेन बागुस यांच्या पिंजऱ्यावर ते पडतं. अस्तरासकट. त्यात राडेनांना इतकी गाढ झोप लागते की कापड काढलं तरी ते नऊ-नऊ वाजेपर्यंत चोच उघडत नाहीत, आणि पाक कास्दी ओट्यावर खिन्न होऊन बसतात.

परवा बू आरटींनी फाटकातून विचारलंच, कसा आहे होला, आवडलं का त्याला.

पाक कास्दी उठून उभे राहिले. त्यांनी पिंजऱ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं.

"फार छान आहे, बू," ते म्हणाले. "फक्त जरा विचारी झालाय."